खडीवालीची भिंत

ऑफिस सुटल्यावर डायरीत चार ओळी लिहायची माझी जुनी सवय. तिचा तोटा एकच, विसरायचं ठरवलं तरी किस्से साठतच जातात. परवा वह्या चाळल्या, तर आमच्या नगरपालिकेचे निम्मे किस्से एका भिंतीचेच निघाले!

*

ही भिंत गंगाखेड रोडवरच्या पंपहाऊसची. दुष्काळाच्या साली ठराव झाला, तिच्यावर चित्र काढायचं. आल्यागेल्याला आपलं गाव कळलं पाहिजे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या किसन पेंटरला काम मिळालं. त्यानं हातोडा उगारून खडी फोडणारी बाई काढली.

मुख्याधिकारी, म्हणजे आमचे सीओ साहेब, म्हणाले, "गावात दाखवण्यासारखं दुसरं काही नाही का?"

"सध्या न्हाई, साहेब!"

*

ती बाई म्हणजे किसनची बायको, गया. त्याच उन्हाळ्यात खडीच्या कामावर ऊन लागून गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"आता एवढीच हाय, भाऊसाहेब," तो मला म्हणाला.

कामावरच्या बाया चित्र बघायला आल्या. एक म्हणाली, "गयाच हाय! पर हातोडा इतका वर कुटं धरायची ती?"

दुसऱ्या दिवशी किसननं तिची मूठ खाली घेतली.

महिन्याभरात एसटीचे कंडक्टर पंपहाऊसचा स्टॉप 'खडीवाली' म्हणूनच पुकारायला लागले.

*

मग मंत्री दुष्काळाच्या पाहणीला यायचे ठरले. साहेबांचा हुकूम सुटला, "भिंतीवर दुष्काळ दिसता कामा नये!"

किसननं खडीच्या ढिगाचा कापूस केला. हातोड्याचं काही करायला वेळच उरला नाही. नेमकी मंत्र्यांनी तिथंच गाडी थांबवली.

"ही बाई कापसावर हातोडा घेऊन काय करते?"

साहेब म्हणाले, "प्रगती, साहेब!"

*

आणीबाणीत नवा आदेश आला. बाईच्या उजवीकडं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, डावीकडं दोन मुलं. किसनला मूलबाळ नव्हतं. त्रिकोण तासाभरात झाला. मुलांना त्यानं चार दिवस घेतले.

साहेब खूश! "वा! पोरं अगदी आईवर गेलीत!"

"हां साहेब. झाली असती तर अशीच झाली असती."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

*

सरकार बदललं. आणीबाणीच्या सगळ्या भिंती पांढऱ्या करायच्या ठरल्या. मी धीर करून केबिनमध्ये गेलो.

"साहेब, त्रिकोण पुसू, मुलं पुसू. बाई तेवढी राहू द्या. त्याच्या बायकोचं दुसरं चित्र नाही."

"फाइलीत बायकोचा उल्लेख आहे?"

नव्हता. फाइल मीच तयार केली होती!

दुसऱ्या कुणी पुसायला नको म्हणून किसननं स्वतःच चुना मारला. साहेब बघायला आले आणि म्हणाले, "आता कसं, पाहुण्यांना गाव स्वच्छ दिसेल!"

*

गेल्या आठवड्यात मी आणि किसन गंगाखेडहून एसटीनं येत होतो. कंडक्टर नवा, देवगाव फाट्याकडचा. त्यानं ते चित्र कधी पाहिलेलं नाही. पांढऱ्या भिंतीपाशी त्यानं घंटी मारून गाडी थांबवली.

"खडीवाली! चला, उतरा कोण हाय त्ये!"

कुणीच उठलं नाही.

"कुणीच न्हाई का खडीवालीला?" म्हणत त्यानं पुन्हा घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा मास्तर," किसन उठला.

मी म्हणालो, "अरे, तुझं घर पुढं, बाजारात!"

"म्हाईत हाय, भाऊसाहेब. तुमी व्हा पुढं."