सातापैकी एक

मार्त्सेलेच्या नवऱ्याने मरतानासुद्धा जंगलातली आपली अळंबीची जागा बायकोला सांगितली नाही. चाळीस वर्षांचा संसार, पण तेवढ्या एका गोष्टीसाठी ती दर रविवारी त्याच्या थडग्यावर स्वस्तातलीच फुलं ठेवायची. तिची स्वतःची जागा तिला आईकडून मिळाली होती, आणि आईनेही "आधी खिडकी लाव" म्हणून मगच तोंड उघडलं होतं. मेर्किस नदीकाठच्या त्या गावात हे असंच. लोक शेजाऱ्याला घराची किल्ली देतील, जागा देणार नाहीत.

अशा गावात शहरातून ग्विदास नावाचा तरुण प्रश्नांचे कागद घेऊन आला. माणसांना निसर्गाशी किती जवळीक वाटते, ते एक ते सात गुणांत मोजायला.

"आजी, जंगलात किती वेळा जाता?"

"मी? छे!"

"आणि जाता तेव्हा कुठल्या बाजूला?"

"गुडघे गेलेत रे बाबा. झाड दिसलं की शिसारीच येते मला."

तिच्या नखांत माती होती आणि चुलीवर अळंब्यांच्या माळा सुकत होत्या. "बाजारातल्या," ती म्हणाली. शेजारची लिओकादिया तर तिच्याही वरताण. "निसर्ग? तो टीव्हीवर असतो, तोच ना?"

अख्ख्या गावाचं उत्तर तेच. गावाला सातापैकी एक गुण मिळाला. ग्विदासला इतकी दया आली, की सप्टेंबरात, ऐन अळंबीच्या हंगामात तो परत आला, गावाला जंगलाची ओळख करून द्यायला. न जावं तर संशय, म्हणून सगळे गेले. टोपलीशिवाय, हात हलवत.

"ज्या झाडाची हाक येईल तिकडे जा," तो म्हणाला.

जो तो आपापल्या जागेच्या बरोबर उलट दिशेने निघाला. मार्त्सेलेने मागे वळून पाहिलं, तर ग्विदास तिच्याच जागेकडे, त्या वाकड्या पाइनच्या झाडाकडे चाललेला, आणि त्याच्यामागे लिओकादिया.

गुडघे गेलेली बाई सशासारखी पळाली. दोघांच्या आधी पोचून झाडाखाली फतकल मारून बसली, झगा चहूकडे पसरून. खाली अळंब्यांच्या अकरा तपकिरी टोप्या. एक मोडल्याचा आवाज तिला हाडात ऐकू आला, आणि डोळ्यांत पाणीच आलं.

ते पाणी पाहून ग्विदासलाही गहिवरून आलं. त्याने वही काढली. "आजी, तुम्हाला सातापैकी सात!"

"खोड ते! मुंगळे चावताहेत मला."

"मग ऊठ की," लिओकादिया गोड आवाजात म्हणाली.

मार्त्सेले उठली नाही. ग्विदास बाकीच्यांकडे गेला, तशी लिओकादिया तिच्याशेजारी टेकली.

"घाबरू नकोस गं. नाही सांगत कुणाला. तुझ्या नवऱ्याची जागा तरी कुठं कुणाला सांगितली मी?"

त्या रविवारी थडग्यावर स्वस्तातली फुलंही गेली नाहीत.