सप्लाय

बाबांनी जेवण सोडलं ते माझा प्रयोग ऐकून. त्यांना यकृताचा कॅन्सर, आणि मी पीएचडीला यकृताच्या कॅन्सरच्याच पेशी वाढवत होते. योगायोग कसला, छळ नुसता!

एकदा नारायण पेठेतल्या घरी पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "तू करतेस काय तिथे नेमकं?" मी सांगितलं. पेशींचं पोषण आधी तोडायचं, म्हणजे त्या गप्प बसतात. मग ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढ चेतवणारं प्रथिन, थेंबभर द्यायचं. ते पेशीला बाहेरून चिकटतं, निरोप आत जातो आणि झोपलेली जनुकं कामाला लागतात. कुठली लागतात, ते मी बघते.

बाबांनी जन्मभर बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त केले. त्यांच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की पोषण तोडलं की पेशी गप्प.

"सप्लाय काढला की सेट बंद," म्हणाले, आणि ताट सरकवलं.

आई विनवण्या करून थकली. "अहो, दोन घास तरी!" बाबांचं आपलं एकच, "मुलगी शिकलीये, तिला विचार." मला विचार! मी घसा फोडून सांगत होते, "अहो बाबा, त्या मरत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. मराल ते तुम्ही!"

"पुण्यात सल्ले फुकटच असतात," म्हणाले. गालांची हाडं वर आली होती, खवचटपणा होता तिथेच.

शेवटी मी त्यांच्याच धंद्यावर आले. "बाबा, भिंतीतली पिन काढली, पण सेटमध्ये बॅटरी असली तर?"

"चालेल की."

"मग? तुम्ही नाही खाल्लंत तरी गाठीला आतून मिळतंच."

त्यांनी पोटावर हात ठेवला. "बॅटरी म्हणजे मीच का गं?"

मी मान डोलावली.

"आण मग भात," म्हणाले.

आईने धावत मऊ भात कालवला, वर तूप सोडलं. दोन घास गेले, तिसऱ्याला सगळं बाहेर आलं. पोटात पाणी भरलं होतं. आता हट्ट संपला होता आणि जागाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या उपाशी पेशींना थेंब दिला. संध्याकाळी तपासलं, तर जनुकं धडाधड सुरू झालेली. माझे गाईड सर खूश. "असा निकाल हवा!" म्हणाले. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"खाल्लं का गं काही त्यांनी?"

"मागतायत सारखे," आई म्हणाली. "पोटात ठरत नाहीये."