तेलातली हवा

स्पिरिटचा वास आला की मला अड्याळचं आमचं अंगण आठवतं. एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पोरीची डोंगरउतारावरची सायकल शर्यत होती, आणि डिस्क ब्रेक दाबला की स्पंजासारखा थेट मुठीला टेकत होता. मी तासभर आवळायला ब्रेकची तार शोधत बसलो. या ब्रेकला तार नसते, नळीत तेल असतं, हे कोणाला ठाऊक. तेवढ्यात नर्स असलेली बायको ड्युटीवरून आली. "सरका जी, तेलात हवा शिरली." "तुले काय समजते?" "रोज सिरिंजमधली हवाच तं काढते मी." तिनं सायकलसोबत आलेल्या बाटलीतलं तेल कोऱ्या सिरिंजनं नळीत खालून ढकललं, नळीवर टिचक्या मारल्या, वरून बुडबुडे निघाले आणि ब्रेक घट्ट झाला. डिस्कवरचे माझ्या बोटांचे डागही तिनं स्पिरिटनं पुसले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर पोरीनं सायकल अलगद आवरली. तेलाची बाटली मी धरली होती, हे आजही सगळ्यांना सांगतो.