भर दुपारी जोडलेली उलटी पाकळी

मंडळी, गंभीर तक्रार आहे. ओटीवरच्या झोपाळ्यावर मला बसायला जागा नाही. तिथे कापडाचे षट्कोन विराजमान आहेत. बायको मॉडर्न गोधडी शिवतेय. प्रत्येक तुकड्यात साचा म्हणून माझ्या संस्कृतच्या टिपणांचा कागद घातलाय. माझी विद्या प्रथमच कुणाच्या उपयोगी पडली.

आज दुपारी तिने षट्कोन जोडून केलेलं फूल दाखवलं. एका पाकळीवर माझं हस्ताक्षर दिसत होतं.

"अगं, ही उलटी लागलीय."

तिने बोटाने चाचपलं. "मुद्दाम लावलीय. तुम्हाला नाही कळायचं मॉडर्न आर्ट." मग हळूच, "एवढा दोरा ओवून द्या हो. इथे उजेड कमी आहे."

ओटीवर लख्ख ऊन होतं.

अलिबागला डोळे दाखवू म्हटलं, की "गोधडी होऊ दे" म्हणते. ऐकून थकलो. तुम्ही घरच्यांना कसं तयार करता?

तिला दिसेनासं होतंय, आणि मला भीती वाटते.