उजवाच दिला होता

नव्वदीच्या आधीची गोष्ट. आम्ही कामतघरला चाळीत राहायचो. आमचे हे एक जुनाट गाडी भाड्यानं चालवायचे, वज्रेश्वरीच्या कुंडांवर माणसं नेऊन आणायचे. दसऱ्याला त्या खटाऱ्याची पूजा व्हायची. म्हटलं, पूजा करायची तर जरा बरी दिसू दे मेली. घरात उरलेला पांढरा ऑइलपेंट होता, गाडीची मागची बाजू मीच रंगवली. उजवीकडचा दिवा स्क्रू काढून उतरवला, खालच्या पत्र्यावर दोन हात मारले, परत बसवला. डावीकडचा स्क्रू गंजून घट्ट झालेला, काही केल्या हलेना, म्हणून तिथं कडेकडेनं ब्रश फिरवला. अख्खी चाळ बघायला आली. मी काय फुगले म्हणून सांगू!

चारच दिवसांनी नाक्यावर मी भाजी घेत होते आणि माझ्यासमोरून पुढं जाऊन यांनी गाडी उजवीकडं वळवली. मागून एक सायकलवाला उजव्या बाजूनंच पुढं निघाला होता, तो धाडकन दारावर आदळला. पाय मोडला बिचाऱ्याचा. लोकांनी यांना कॉलर धरून बाहेर खेचलं.

"लेफ्ट दिखाके राइट मारता है!"

"मी उजवाच सिग्नल दिला होता."

फाडकन थोबाडीत बसली. "खरं बोल!"

"उजवाच दिला होता."

मग लाथा. टेम्पो स्टँडवरच्या एका दांडग्यानं टायर काढायची टॉमी उचलली आणि यांच्या डाव्या कानावर हाणली. मी धावले, एकाच्या हाताला कडकडून चावले, दुसऱ्याचे केस उपटले, पण दहा-बारा पुरुषांपुढं माझं काय चालणार? चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर सोडलं असतं मेल्यांनी. पण हा माणूस रक्त थुंकतोय आणि तेच म्हणतोय.

तीन दात गेले. डावा कान कायमचा गेला. आणि मी काय केलं? दवाखान्यात उशाशी बसून तोंड सोडलं. "खोटं कशाला बोललात? मी या डोळ्यांनी डावीकडची बत्ती लुकलुकताना बघितली!" त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं नि भिंतीकडं तोंड फिरवलं. पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग दिघाशीहून माझा दादा आला. तो ट्रकांचं वायरिंग करायचा. सगळं ऐकून त्यानं यांना गाडीत बसवलं आणि मला मागं उभं केलं. सिग्नल तपासायला दोन माणसं लागतात, एक दाबणारा, एक सांगणारा.

"भावजी, उजवा दाबा."

सिग्नलची दांडी उजवीकडं पडलेली मला काचेतून दिसली. आणि मागं? उजवा दिवा जेमतेम धुगधुगतोय, डावीकडची लाल बत्ती लुकलुकतेय.

दादानं टेस्ट लॅम्प लावून पाहिला. "करंट येतोय. अर्थिंग न्हाय. परत जायला वाट न्हाय, म्हणून डाव्या दिव्यातून पळतोय." मग त्यानं उजवा दिवा उतरवला नि कडाडला, "ह्यो रंग कुठल्या गाढवानं मारला? स्क्रूखाली पत्रा उघडा लागतो, अर्थिंग तिथनंच मिळतं!"

मी खिडकीशी गेले. यांच्या धड कानाशी तोंड नेलं. "रंग मी मारला होता. तुम्ही खरं बोलत होतात."

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला नको सांगू. तिथं जाऊन सांग."

दिवा होता तसाच बसवला आणि त्याच पावली गाडी नाक्यावर नेली. तो दांडगा चहा पीत होता. बखोट धरून मी त्याला गाडीमागं आणलं. यांनी उजवा दाबला, डावी बत्ती लुकलुकली.

"बघ नीट! चूक माझी होती. मार मला!"

त्यानं मान खाली घातली. "बाईवर हात न्हाय टाकत मी."

"मग खरं बोलणाऱ्यावर कसा टाकलास रे?" म्हणत मी अशी सणसणीत ठेवून दिली की त्याच्या हातातला ग्लास रस्त्यावर फुटला. लगेच दुसरी दिली. खरं सांगते, त्यातली एक माझ्या वाटणीची होती. कुणी मध्ये पडलं नाही.

दादानं तिथंच ब्लेडनं रंग खरवडला, स्क्रू आवळला. आतून यांनी विचारलं, "उजवा लागला का?"

"लागला!" मी ओरडले. "उजवाच लागला!"

मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी होते. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "लागला का?"