चावडीतलं सरबत

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आपण बाटल्या धुवत बसलेले असतो, कुणीतरी दारात येतं, काहीतरी बोलून जातं, आणि दिवस मावळताना बघावं तर खपलेल्या बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेले असतात. निदान माझ्या दुकानात तरी असंच चालायचं.

सातवीत शाळा सोडून मी पुण्याला एका टेलरकडे काजं-बटणं करायला लागलो होतो. तिथं एक रिटायर मिलिटरीवाले साहेब कपडे शिवून घ्यायला येत. ते सांगायचे, विलायतेत द्राक्षाची वाईन विकायला एखाद्या जुन्या घरात खास खोली करतात. आधी घोटभर चव द्यायची, आवडली तर बाटली द्यायची. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे वाईनचा प्रश्नच नव्हता. पण मुळशीच्या डोंगरात जांभळं आणि करवंदं झाडाखालीच सडून जातात, हे मी लहानपणापासून बघत होतो. मी काम सोडलं. घोटावडे फाट्याजवळची पेशवाईतली जुनी चावडी रिकामी पडली होती, ती भाड्यानं घेतली आणि तीन सरबतं मांडली. जांभूळ, करवंद आणि आवळा.

यात एकच घोटाळा झाला. उरवड्याच्या मारुतीभाऊंच्या सुमनशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं, ते थांबलं. भाऊ म्हणाले, "पोरगा पुण्याला कामाला हाय म्हनून व्हय म्हनलं हुतं. रस्त्यावर पानी पाजतोय म्हनून न्हाई. दुकान चालतंय का बघू, मग बोलू."

म्हणजे सरबत चांगलं निघालं पाहिजे, एवढंच माझ्या हातात उरलं.

*

पाटीवर मी रंगवून घेतलं होतं, 'चव घेण्याची खोली'. पण वाचता येणारे कमी, म्हणून दारात उभं राहून बोलवावं लागे. माझा स्वभाव भिडस्त. मोठ्यानं हाक मारायची लाज वाटायची. मी आधी इकडे बघायचो, मग तिकडे बघायचो, आणि हळूच म्हणायचो, "आत या. थोडी घेऊन बघा."

पहिल्याच आठवड्यात नेऱ्याचा एक पैलवान थांबला. त्यानंही इकडे-तिकडे बघितलं आणि कानाशी येऊन विचारलं, "गुळाची हाय का मोहाची?"

मी म्हटलं, "करवंदाची."

"आयला, नवीन काडली म्हन की." असं म्हणून तो आत शिरला. तीन पेले प्याला, मिशा पुसल्या आणि जाताना चौकटीला धरून, झुलत झुलत गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको भांडायला आली. मी तिला शपथेवर सांगितलं, "वहिनी, साखर आणि करवंदं, बाकी काही नाही."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग त्यो घरी येऊन माज्या पाया का पडला?"

*

साहेबांनी सांगितलं होतं की चव बघणारे लोक वाईन पीत नाहीत, तोंडात घोळवून थुंकतात. म्हणजे पुढची चव नीट कळते. मी मन लावून ऐकलं होतं. बाजारातून पितळेचं एक तस्त आणलं, घासून लख्ख केलं आणि टेबलावर ठेवलं.

डोंगरवाडीची एक म्हातारी मला करवंदं आणून द्यायची. तिला पहिला मान म्हणून पेला दिला आणि सांगितलं, "आजी, तोंडात धरा आणि ह्यात टाका."

तिनं घोट घेतला. गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिली. मग गिळून टाकला आणि विचारलं, "उन्हातान्हात काटं टोचून घेऊन म्या आनली, ती थुकू व्हय रं?"

ते तस्त मग समोरच्या किराणा दुकानाच्या इस्माईलचाचांनी नेलं. पान खाताना ते म्हणायचे, "साहेबाची चीज हाय. कुणी तरी वापराय नको?"

*

पौडचे जमादार एकदा दारूबंदीची तपासणी करायला आले. प्रत्येक बाटली उघडून वास घेतला. मग एकेक पेला मागितला. जांभळाचे दोन घेतले. टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "संशय हाय. उद्या पुन्ना यावं लागंल."

ते रोज येऊ लागले. शेवटी मी धीर करून विचारलं, "जमादारसाहेब, कसं लागतंय तेवढं तरी सांगा."

ते गंभीर होऊन म्हणाले, "तपास चालू असताना बोलता येत न्हाई."

*

खरी अडचण चावडीचीच होती. आमच्या भागात चावडीत माणूस हौसेनं जात नाही, बोलावलं तर जातो. त्यामुळे गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर वहाणा काढायचं, आत येऊन भिंतीशी उभं राहायचं आणि हात जोडायचं. मी बाक केले होते, गाद्या टाकल्या होत्या. बसायचं कुणीच नाही. आणि सरबत कसं आहे विचारलं की चावडीत द्यायचं तेच उत्तर, "आमची कायबी तक्रार न्हाई."

तुकातात्या म्हणून वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तिन्ही पेले उभ्यानं संपवले. मी म्हटलं, "तात्या, खरं सांगा. ह्यातलं कुठलं बरं?"

"तुमी म्हनाल ते."

"तसं नाही. तुमचं मत पाहिजे."

तात्यांनी थोडा विचार केला आणि डावा अंगठा पुढे केला. "कुटं लावू?"

हे इस्माईलचाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "वसंता, तू टेलरकडं हुतास तेच बरं. सदरा काखंत काचला की मानूस शिव्या तरी घालतोय. हितं सगळे ग्वाड बोलून जात्यात आन् पुन्ना येत न्हाईत."

ते खरं होतं. पुन्हा येत होते ते फक्त जमादार.

*

आणि मग एके दिवशी बाजाराला जाता जाता मारुतीभाऊ आले. बरोबर सुमन होती. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मी मान वर केली नव्हती, त्यामुळे मी तिला पायांवरून ओळखलं.

भाऊंनी वहाणा बाहेर काढल्या, भिंतीशी उभे राहिले आणि सवयीनं हात जोडले. सुमन मात्र सरळ बाकावर बसली. चावडीत बसलेलं ते पहिलं माणूस. मी दोघांना तिन्ही पेले दिले.

भाऊंनी प्रत्येक पेल्यानंतर "चांगलं हाय" म्हटलं. तिसऱ्यालाही तेच. चांगलं म्हणून निघून जाणारे मी महिनोन् महिने बघत होतो.

सुमननं सावकाश चव घेतली. मधला पेला तिनं पुन्हा उचलला, थोडा प्याली आणि खाली ठेवला.

"ह्यो करपलाय," ती म्हणाली. "साखर चुलीवर ठेवून मानूस दारात जाऊन हुबं ऱ्हात आसंल."

भाऊंचे जोडलेले हात सुटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"मग?" ते म्हणाले. "काय सांगू ह्यास्नी?"

सुमननं पदर सारखा केला.

"पाक मी करीन म्हनावं."