शिरस्त्राणाच्या आत

पिस्कॅटवे या अमेरिकन गावाजवळच्या रविवारच्या जुन्या बाजारात एक म्हातारे जर्मन गृहस्थ बसत. पुढ्यातल्या खोक्यात एकच वस्तू: त्यांच्या आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं टोकदार शिरस्त्राण. लोक ते हसत डोक्यावर घालून फोटो काढायचे. गृहस्थ लगेच म्हणायचे, “विकायचं नाही.”

“मग आणता कशाला?” मी विचारलं.

“माझ्यामागे मुलगा कचऱ्यात टाकेल. ठेवणारा माणूस शोधतोय.”

मी ते उलटं करून पाहिलं. आतल्या चामड्यावर घामाचा काळपट डाग होता. हमाली करून मला शिकवणाऱ्या वडिलांच्या टोपीला असाच डाग असे.

“हा घाम आजोबांचाच?”

ते पहिल्यांदाच हसले. “सगळे टोक बघतात. आत कुणी बघत नाही.” आणि त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं.

शिरस्त्राण माझ्या पुस्तकांशेजारी आहे. मी ते अजून डोक्यावर घातलेलं नाही.